साताऱ्याहून दापोलीस : एका लहान प्रवासाची आखणी

मुंबईहून नागपुरास किंवा दिल्लीस जावयाचे असले म्हणजे घरात आठ दिवस आधी हालचाल सुरू होते. तिकिटे काढली जातात, डबा कोणता, फलाट कोणता, याची दहादा विचारपूस होते. तेच शेजारच्या जिल्ह्यात जावयाचे असले की, "जवळच तर आहे!" असे म्हणून मनुष्य पिशवी खांद्यास अडकवितो आणि स्टँडवर जाऊन उभा राहतो. वास्तविक आखणीची गरज या दुसऱ्या प्रवासास अधिक आहे. नागपूरच्या गाडीत बसलेला मनुष्य निजला तरी नागपुरास पोचतो. जिल्हा ओलांडून जाणाऱ्यास वाटेत दोनदा-तीनदा उतरावे लागते, आणि उतरल्या ठिकाणी पुढची गाडी कोणी त्याच्यासाठी थांबवून धरलेली नसते.

वरच्या इयत्तांच्या विद्यार्थ्यांस भूगोलाच्या तासास आम्ही एक उदाहरण घालीत असतो. सातारा शहरातून रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीस एस. टी. ने जावयाचे आहे; स्वतःची मोटार नाही, भाड्याची परवडत नाही; दापोलीहून पुढे खेड्यात जाणारी संध्याकाळची गाडी मिळालीच पाहिजे; तर साताऱ्याहून केव्हा निघावे? उदाहरण त्रैराशिकाइतके सोपे दिसते, पण बहुतेक विद्यार्थ्यांचे उत्तर तीन तासांनी चुकते. ते का चुकते हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम नकाशा पाहू. सातारा आणि दापोली ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नकाशावर सूत धरून मोजले तर अंतर पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटरांहून अधिक भरत नाही. पण मध्ये सह्याद्री उभा आहे, आणि सह्याद्री सुताने मोजता येत नाही. आगगाडीचा तर विचारच नको. सातारा हे पुणे-मिरज मार्गावर आहे, आणि दापोलीस जवळचे स्टेशन कोकण रेल्वेवरील खेड. ही कोकण रेल्वे १९९८ साली सर्व मार्गभर सुरू झाली. दोन्ही लोहमार्ग एकमेकांस समांतर दक्षिणोत्तर धावतात. त्यांस जोडणारी रेल्वे उत्तरेस १८६३ साली खुला झालेला बोरघाट आणि दक्षिणेस थेट कॅसलरॉक-कुळें घाट, एवढ्या दोनच ठिकाणी डोंगर उतरते. साताऱ्याचा मनुष्य आगगाडीने खेडास निघाला तर त्यास पुण्यावरून पनवेल गाठून पुन्हा दक्षिणेकडे यावे लागेल. शेजारच्या घरी जाण्यासाठी सबंध पेठेस वळसा घालण्याचाच हा प्रकार. म्हणून हा प्रवास घाटरस्त्याचा, आणि घाटरस्त्याचा म्हणजेच एस. टी. चा.

घाट दोन. पहिला आंबेनळीचा. साताऱ्याहून महाबळेश्वर, तेथून प्रतापगडाच्या पायथ्याजवळून पोलादपूर, तेथून मुंबई-गोवा महामार्गाने कशेडी ओलांडून खेड, आणि खेडहून दापोली. अंतर सुमारे एकशेपासष्ट किलोमीटर. यात सातारा, रायगड आणि रत्नागिरी असे तीन जिल्हे लागतात. रायगड जिल्ह्याचा तुकडा लहानसा आहे, पण या प्रवासाची खरी अडचण तेथेच असते. दुसरा घाट कुंभार्लीचा. साताऱ्याहून कऱ्हाड, पाटण, कोयनानगर, तेथून घाट उतरून चिपळूण, आणि चिपळूणहून खेडवरून दापोली. हे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे पहिल्याहून पुष्कळ लांब. कोणता मार्ग घ्यावा असे वर्गात विचारले की सर्व हात आंबेनळीच्या बाजूने वर होतात, कारण तो जवळचा. आम्ही मात्र निर्णय राखून ठेवतो.

आता वेळेचा हिशेब. आंबेनळीच्या मार्गाने साताऱ्याहून महाबळेश्वर अदमासे दोन तास. तेथून पोलादपूर दीड तास, कारण चाळीस किलोमीटरांत गाडीस बाराशे मीटरांहून अधिक उतरावे लागते आणि वळणे मोजता मोजता पुरेवाट होते. पोलादपूर ते खेड सव्वा तास. खेड ते दापोली एक तास. बेरीज पावणेसहा तास. समजा, खेड्यात जाणारी गाडी दापोलीहून पाच वाजता सुटते. मग साताऱ्याहून सव्वाअकरास निघाले की झाले, असे विद्यार्थी लिहितात, आणि बेरीज बरोबर असल्यामुळे आपले गुण का कापले हे त्यांस कळत नाही.

ते पुढून मोजतात. हे उदाहरण शेवटच्या गाडीपासून मागे मागे येत मोजले पाहिजे. पाचची गाडी धरावयाची, तर दापोलीच्या स्टँडवर पावणेपाच वाजता, म्हणजे चार वाजून पंचेचाळीस मिनिटांनी उतरले पाहिजे. खेडहून पावणेचारास निघाले पाहिजे. पण खेडास पावणेचारच्या ठोक्यास गाडी उभी असेलच असे नाही. तेथे पाऊण तास हाताशी असावा, म्हणजे तीन वाजता खेड. तीनला खेड, तर पोलादपुराहून पावणेदोनास. पोलादपुरास मात्र पाऊण तास पुरत नाही, सव्वा तास धरावा; म्हणजे साडेबारास पोलादपूर. त्यासाठी महाबळेश्वर अकरास सोडावयाचे, तेथे पाऊण तास आधी पोचावयाचे, आणि म्हणून सातारा सव्वाआठास सोडावयाचे. प्रवास पावणेसहा तासांचा आणि थांबणे तीन तासांचे. या तीन तासांस विद्यार्थी वाया गेलेला वेळ म्हणतात. आम्ही त्यांस तिकिटाइतकेच आवश्यक समजतो.

पोलादपुरास अधिक वेळ का धरावा, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. एस. टी. च्या फलाटावर दिसणाऱ्या गाड्या दोन जातींच्या असतात : येथून सुटणाऱ्या आणि येथून जाणाऱ्या. जेथे आगार आहे तेथून सुटणारी गाडी वेळेच्या आधी फलाटास लागते, रिकामी असते, आणि आपण आत जाऊन बसतो. येथून जाणारी गाडी कोठून तरी दुरून येत असते. तिची फळ्यावरील वेळ म्हणजे केवळ अंदाज. मुंबईस ती अर्धा तास अडकली की तो अर्धा तास पोलादपुरापर्यंत तिच्याबरोबर येतो. शिवाय तिच्यातील जागा मुंबईसच भरलेल्या असतात. पोलादपुरास खेडकडे जाणाऱ्या गाड्या पुष्कळ, पण त्या बहुतांशी या दुसऱ्या जातीच्या. आणखी एक बारीक गोष्ट अशी की, मुंबईहून दापोलीस जाणाऱ्या सर्वच गाड्या पोलादपुरावरून जातात असे नाही. कित्येक गाड्या अलीकडेच महामार्ग सोडून आंबेत-मंडणगडवरून दापोलीस जातात. म्हणून पोलादपुरास 'दापोली' ही पाटी शोधीत उभा राहिलेला मनुष्य तसाच उभा राहतो. त्याने चिपळूण, गुहागर, रत्नागिरी या पाट्या पाहाव्यात आणि खेडास उतरावे.

खेडास उतरावे, हेही बोलण्याइतके सरळ नाही. खेड शहर महामार्गावर नाही. महामार्गावर आहे तो भरणे नाका. घाईची लांब पल्ल्याची गाडी प्रवाशास नाक्यावर उतरवून पुढे जाते, आणि दापोलीची गाडी तर आत खेडच्या स्टँडवर उभी असते. "गाडी स्टँडात जाणार का?" हा चार शब्दांचा प्रश्न चढतानाच वाहकास विचारावा. उतरल्यावर विचारून उपयोग नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वसतिगृहातील नववीतील एक मुलगी आपल्या पाचवीतील भावास घेऊन याच मार्गाने घरी निघाली. साताऱ्यात त्यांचे एक नातेवाईक आहेत; त्यांनी एका स्टँडवरील चौकशीच्या खिडकीत विचारले, तेव्हा "पोलादपूरला जा, तिथं गाड्याच गाड्या," असे उत्तर मिळाले. उत्तर खरे होते, पण त्या मुलांस त्याचा काडीचा उपयोग नव्हता. सुट्टीचे दिवस, मुंबईचे चाकरमानी गावी निघालेले. तीन गाड्या भरलेल्या आल्या आणि न थांबता गेल्या. चौथीत वाहकाने मुले पाहून दाराशी उभे राहण्यापुरती जागा दिली. दापोलीस पोचेपर्यंत साडेआठ वाजून गेले. गावची गाडी केव्हाच गेली होती. स्टँडवर चहाचे दुकान चालविणाऱ्या बाईंनी दोघांस आपल्याजवळ बसविले, वडिलांस फोन लावून दिला, आणि वडील शेजाऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन साडेदहास आले, तोवर दुकान बंद केले नाही. मुलगी धीराची, म्हणून तिने हे हसत सांगितले. तिच्या आईने आम्हांस सांगितले ते हसत नव्हे.

यावरून चौकशी कशी करावी हा प्रश्न येतो. आपल्याकडे खिडकीशी जाऊन "दापोलीची गाडी किती वाजता?" असे विचारण्याची रीत आहे. या प्रश्नास एकच उत्तर मिळते, आणि ते बहुधा "थेट गाडी नाही" असे असते. त्याऐवजी सुट्या सुट्या टप्प्यांचे प्रश्न विचारावेत. महाबळेश्वरहून पोलादपुराकडे उतरणारी दुपारची गाडी कोणती? ती चुकली तर त्यापुढची कोणती? खेडहून दापोलीस शेवटची कोणती? यांपैकी पहिल्याचे उत्तर साताऱ्यास मिळण्याचा संभव आहे, तिसऱ्याचे नाही. कारण प्रत्येक आगारास आपल्या गाड्या ठाऊक असतात, परक्याच्या नसतात. खेडची गोष्ट खेडच्या किंवा दापोलीच्या स्टँडवर फोन करूनच विचारावी. आणि सर्वांत भरवशाचे सांगणारे म्हणजे त्याच मार्गावर रोज ये-जा करणारे वाहक. हल्ली हातातील फोनमध्ये नकाशा असतो आणि तो मार्ग दाखवितो. पण तो जी वेळ सांगतो ती मोटारीची, आणि एस. टी. प्रत्येक थांब्यास थांबते याचा त्यास पत्ता नसतो. येथे आम्ही गाड्यांच्या वेळा मुद्दाम छापीत नाही. हा अंक कपाटात वर्षानुवर्षे राहतो. वेळापत्रक एका हंगामातही बदलते.

प्रत्येक बदलाच्या ठिकाणी 'पुढची' गाडी जितकी महत्त्वाची तितकीच 'त्यापुढची' असते. पहिली चुकली आणि दुसरीने गेल्यावरही शेवटची गाडी सापडत असेल, तर आखणी पक्की. दुसरीने गेल्यावर शेवटची सापडत नसेल, तर ती आखणी नसून केवळ आशा आहे.

पाटी वाचण्यासही थोडी सवय लागते. पाटीवर गावाच्या नावाइतकाच 'मार्गे' हा शब्द महत्त्वाचा. साताऱ्याहून महाबळेश्वरास जाणाऱ्या गाड्यांतच दोन प्रकार आहेत : एक मेढ्यावरून केळघरचा घाट चढून जाणारी, दुसरी वाई-पाचगणीवरून जाणारी व लांबची. कऱ्हाडच्या बाजूसही असेच आहे. पुण्याकडून चिपळूणला जाणाऱ्या काही गाड्या कऱ्हाडास न शिरता उंब्रजवरूनच पाटणकडे वळतात. तिची वाट कऱ्हाडास पाहणे व्यर्थ. ती साताऱ्यासच धरली पाहिजे. नावांचाही घोटाळा होतो. खेड नावाचे तालुक्याचे गाव पुणे जिल्ह्यातही आहे, ज्यास राजगुरुनगर म्हणतात. मुरूड तर दापोलीजवळ एक, जंजिऱ्याजवळ दुसरे, आणि लातूरकडे तिसरे. तिकीट मागताना जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे नाव जोडण्याची लाज वाटू देऊ नये.

मुरूडचे नाव निघाले, तर एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. धोंडो केशव कर्वे, पुढे ज्यांस महर्षी म्हणून सर्व जग ओळखू लागले आणि १९५८ साली ज्यांस भारतरत्न हा किताब मिळाला, ते या दापोलीजवळच्या मुरूडचे. १८७५ च्या सुमारास, सतरा-अठरा वर्षांचे असताना, सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ते सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्यास गेले, म्हणजे आमच्या उदाहरणातील वाट उलट्या बाजूने चालले. शंभराहून अधिक मैल, पायी, पावसापाण्यातून, घाट चढून. वेळेवर पोचलेही. पण परीक्षामंडळाने त्यांच्याकडे पाहिले, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरविले, आणि त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. प्रवासाच्या आखणीत त्यांची कोठे चूक नव्हती. जे आडवे आले ते रस्त्यावर नव्हतेच. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले काही वेळ गप्प बसतात, आणि मग कोणी तरी हळूच विचारते, "मग सर, ते परत कसे गेले?" परतही बहुधा चालतच गेले असतील. त्या काळी एस. टी. नव्हती. सरकारी एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान धावली. त्यापूर्वी सर्व्हिस मोटारी असत, त्या भरल्यावाचून हलत नसत.

आता राखून ठेवलेला निर्णय. कुंभार्लीचा मार्ग चाळीस किलोमीटरांनी लांब, आणि नुसता प्रवासाचा वेळही अर्ध्या तासाने अधिक. पण त्यात गाडी दोनदाच बदलावी लागते, कऱ्हाडास आणि चिपळुणास, आणि ही दोन्ही मोठी आगारे. चिपळूणहून दापोलीकडे सुटणारी गाडी चिपळुणासच सुटते, म्हणून रिकामी मिळते. रात्र पडलीच तर चिपळूण हे मोठे शहर. तेथे उतरण्यास जागा आहे, दवाखाना आहे, रेल्वे स्टेशन आहे. भाडे थोडे अधिक पडेल, कारण एस. टी. चे भाडे सहा किलोमीटरांच्या टप्प्याने मोजतात. परंतु १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्मे तिकीट झाल्यामुळे मुलींच्या बाबतीत हा फरक नजरेत भरण्याजोगा राहिलेला नाही. आमचे मत विचाराल तर, एकटा धट्टाकट्टा मुलगा, हिवाळ्याचे दिवस, पाठीवर एकच पिशवी, तर खुशाल आंबेनळीने जावे. प्रतापगडाचे दर्शन वाटेत फुकट होते. बरोबर लहान भावंड असेल, दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा मुलाखत असेल, घरी कोणी आजारी असून पोचणे अगत्याचे असेल, तर लांबचा कुंभार्लीच बरा. नकाशावरील जवळचा मार्ग आणि लवकर पोचविणारा मार्ग एकच असेल असे कोणी वचन दिलेले नाही.

मात्र पावसाळ्यात हा विचारही पुरत नाही. एक घाट बंद झाला तर दुसऱ्याने जाऊ, असे आपण म्हणतो, पण दोन्ही घाट एकाच डोंगराचे आणि पाऊसही एकच. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आंबेनळीत दरडी कोसळून रस्ता ठिकठिकाणी तुटला. आणि त्याच सुमारास, २२ जुलै रोजी, कुंभार्लीच्या पायथ्याचे चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. एका कारणाने ज्या दोन वाटा एकदम बंद पडतात त्यांस दोन वाटा म्हणता येत नाही. जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा त्या सकाळी, अशी दोनदा चौकशी करावी, आणि घाट बंद असेल तर प्रवासच पुढे ढकलावा.

सणासुदीचेही वेगळेच गणित असते. आषाढीस पंढरपूरकडे आणि गणपतीस कोकणाकडे जादा गाड्या सुटतात, त्या ठिकठिकाणच्या आगारांतून काढलेल्या असतात. म्हणून जेथून काढल्या तेथील रोजच्या फेऱ्या गळतात. खेड्यांकडील कित्येक फेऱ्या तर शाळेच्या मुलांसाठी असतात आणि शाळा बंद झाली की त्याही बंद होतात. ज्या दिवशी वसतिगृहातील मुलगा घरी निघतो त्याच दिवशी त्याच्या गावची गाडी बंद झालेली असते! दिवाळी व नाताळच्या सुट्टीपूर्वी पालकांस पत्र घालताना हे आम्ही आता ठळक अक्षरांत लिहितो, आणि "सुट्टीतही गाडी चालू आहे ना?" एवढे गावच्या माणसाकडून लिहून मागवितो.

निघताना एक कागद जवळ असावा. त्यावर प्रत्येक स्टँडचे नाव, तेथील पहिली गाडी, तिच्यापुढची गाडी, आणि घरचा एक व दापोलीचा एक असे दोन फोन क्रमांक हाताने लिहिलेले असावेत. फोनमध्ये लिहून ठेवले आहे असे सांगणारे विद्यार्थी आहेत. फोनची बॅटरी घाटातच संपते, हे त्यांस कशेडीपलीकडे कळते. सुटे पैसे, पाण्याची बाटली, आणि वळणांनी ज्यास मळमळते त्याने पुढील चाकाच्या मागची जागा.

आणि परतीची चौकशी जातानाच करून ठेवावी. दापोलीहून खेड्यात जाणारी संध्याकाळची शेवटची गाडी बहुधा मुक्कामाची असते. ती रात्री गावातच उभी राहते, चालक व वाहक देवळात किंवा शाळेच्या पडवीत निजतात, आणि पहाटे तीच गाडी माघारी निघते. तेव्हा गावात उतरण्यापूर्वी, दाराशी उभे असतानाच, वाहकास विचारून घ्यावे की सकाळी किती वाजता हलणार.